जावईबापूंची छाती

जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत एकतीस वर्षं बसलेल्या बाईला निवृत्तीनंतर बदकांचा नाद लागावा, हे तिच्या नणंदेला काही केल्या पटत नव्हतं. "गरुड असता, घुबड असतं तर गोष्ट वेगळी," ती म्हणायची. "बदकांत बघायचंय काय, वहिनी? उलट तीच तुमच्याकडे बघत असतात, पिशवीत पाव आहे का म्हणून." वहिनींनी वाद घातला नाही. एकतीस वर्षांत त्या एवढं शिकल्या होत्या की खिडकीपलीकडच्या माणसाला काही समजावायला जाऊ नये. फॉर्म द्यावा आणि पुढचा नंबर पुकारावा.

त्यांना सगळे नोंदणीबाई म्हणत. निम्मं गाव त्यांच्याच अक्षरात जन्माला आलं होतं. बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, वजन, वेळ. वडिलांचं नाव मिळत नसेल तर तो रकाना कोरा ठेवायचा नाही, तिथे एक रेघ मारायची असा नियम होता. ती रेघ मारताना बाई वर बघत नसत. वर बघितलं असतं तर समोरच्या पोरीला काहीतरी खुलासा करत बसावं लागलं असतं, आणि तो खुलासा लिहायला फॉर्मात जागाच नव्हती.

आणि या एकतीस वर्षांत बाईंनी एकही खाडाखोड केली नव्हती. चूक झालीच तर ती कशी दुरुस्त करायची हे त्यांनी खात्यात आलेल्या प्रत्येक नवख्या कारकुनाला शिकवलं होतं. चुकीच्या शब्दावर एकच सरळ रेघ, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, वर बरोबर शब्द, शेजारी सही आणि तारीख. स्वतःवर मात्र तशी पाळी कधी आली नव्हती. निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषणात मुद्दाम हे सांगितलं, टाळ्या पडल्या, आणि बाई पुढचे तीन दिवस घरात जरा ताठ चालत होत्या. चौथ्या दिवशी सकाळी साडेदहाला कुठे जायचं नाही हे लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा पडला.

त्यांचा नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, दारात एक मान नसलेला पुतळा, आत दोन मशीन आणि कापडाच्या ढिगाऱ्यात कायम हरवलेली कात्री. हा गृहस्थ बायकोच्या अगदी उलट. त्याला चेहरे म्हणून लक्षात राहत नसत. रस्त्यात कुणी हात केला की हा आधी खांदे बघायचा, मग पोट बघायचा आणि मग त्याच्या डोक्यात उजेड पडायचा. "अगं, ते बेचाळीस छाती, डावा खांदा उतरता, ते भेटले होते," असं तो घरी येऊन सांगायचा. बाईंना मात्र चेहरा एकदा बघितला की पुरे. दाखल्याच्या अर्जाला फोटो जोडलेला असायचा, समोरचं तोंड त्या फोटोशी ताडून बघायचं आणि शिक्का मारायचा. गळ्याच्या खाली माणूस कसा आहे याच्याशी खात्याला देणंघेणं नव्हतं. नवरा-बायको मिळून एखाद्याला ओळखायचे ते मात्र डोक्यापासून पायापर्यंत.

बदकं सुरू झाली ती रविवारच्या फिरण्यातून. सार्वजनिक बागेतल्या तलावावर दर रविवारी सकाळी पक्षीनिरीक्षक मंडळ जमायचं. बाईंना धरून बारा माणसं, बारा दुर्बिणी आणि एक थर्मास. अध्यक्ष होते भूमितीचे निवृत्त मास्तर. हे सगळे तलावाच्या पार पलीकडे, लव्हाळ्यात काही हलतंय का ते बघत उभे असत. पायाशी तीस-चाळीस बदकं कलकलाट करत असायची, तिकडे कुणी ढुंकूनही बघत नसे.

"ही काठावरची लिहायची नाहीत का?" बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"ती होय? ती पाळीव," मास्तर म्हणाले. "कुणीतरी आणून सोडलेली. काही तर पाळीवही धड नाहीत, भेसळ आहे सगळी. सोडून द्या."

सोडून देणं बाईंच्या रक्तात नव्हतं. खिडकीपाशी जो येईल त्याची नोंद व्हायलाच हवी. त्यांनी दुसऱ्या रविवारी नवी वही आणली, पट्टीने रकाने आखले आणि बाकावर बसून काठावरच्या बदकांचं दफ्तर उघडलं. प्रत्येकाची खूण, नर की मादी, अंदाजे बाप, अंदाजे आई. पुस्तकं आणली. त्या जगात किती भानगडी आहेत हे कळल्यावर त्यांना खात्यात परत गेल्यासारखं वाटलं.

पाळीव बदकांच्या बहुतेक जाती मूळच्या एकाच रानबदकापासून निघाल्या आहेत, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. ते हिरव्या डोक्याचं, गळ्यात पांढरं कडं असलेलं. त्याच्या नराच्या शेपटीवर दोन-चार पिसं वर वळलेली असतात, बटा काढल्यासारखी. माणसाने त्याची जात पांढरी केली, काळी केली, बोजड केली, पण ते वळण काही गेलं नाही. म्हणजे अगदी पांढऱ्याशुभ्र लठ्ठ बदकाच्या शेपटीवर बट दिसली, तर तो नर, आणि घराणं तेच. दुसरी गंमत आवाजाची. क्वॅक क्वॅक करून तलाव डोक्यावर घेते ती मादी. नर बिचारा घसा बसल्यासारखा पुटपुटतो. हे शिंप्याला सांगितलं तेव्हा तो सुईत दोरा ओवत म्हणाला, "एवढ्यासाठी तलावापर्यंत जायची काय गरज होती?"

मंडळींना नावं पडली. एक उभट, सडपातळ, मान वर काढून धावणारं बदक होतं, ते बाटली. एकाच्या डोक्यावर पिसांचा गोळा होता, तो अंबाडा. आणि एक होता मुकादम.

मुकादम दिसायला कुणाला आवडावा असा नव्हता. तोंडावर लाल चामखिळी असलेली, न ओरडता नुसतं फुसफुसणारी बदकांची एक वेगळीच जात असते. त्याचा बाप त्या जातीचा आणि आई साधी पांढरी. बापाच्या चामखिळींपैकी चोचीच्या मुळाशी चिमूटभर लाली तेवढी वाट्याला आली होती. अंग काळपट, उन्हात हिरवी झाक मारणारं, छातीवर पांढरा धब्बा, पाय भलेमोठे. अशा जोडीच्या पिल्लांचा वंश पुढे चालत नाही, असं पुस्तकात होतं. मुकादमाला त्याची फिकीर नव्हती. माळी वाफे खणायला लागला की हा त्याच्यामागे पोट काढून उभा राहायचा, एकेका ढेकळाची पाहणी करायचा, आणि माळी थांबला की फुसफुसायचा. पाहणी झाली की येऊन बाईंच्या बाकाखाली, थेट त्यांच्या बुटावर बसायचा. बाईंचा त्याच्यावर जीव जडला होता. हे त्या कुणाला बोलून दाखवत नसत, पण रविवारी बूट मात्र जुनेच घालून जात.

मंडळात बाईंना खरा मान मिळाला तो जावईबापूंमुळे. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी लव्हाळ्यातून हिरव्या डोक्याचा एक देखणा नर बाहेर आला. मास्तरांनी श्वास रोखून विचारलं, "बाई, रानबदक का हो?" बाईंनी पुस्तकातलं चित्र काढलं. हिरवं डोकं, जुळलं. पिवळी चोच, जुळली. पांढरं कडं, जुळलं. घाई नको म्हणून तीन रविवार ताडून बघितलं आणि चौथ्या रविवारी मंडळाच्या मोठ्या नोंदवहीत लिहिलं, "वन्य, नर, एक." खाली सही. या तलावावर कित्येक वर्षांत खरं रानबदक कुणी नोंदवलं नव्हतं. बाईंनी लिहिलंय म्हणजे प्रश्नच मिटला, असं म्हणून बाकीच्या अकरा जणांनी आपापल्या वहीत ते उतरवून घेतलं. वार्षिक पुस्तिकेत बाईंचं नाव छापून आलं. बागेच्या फाटकावर 'रानबदकांचा तलाव' अशी पाटी लागली. तेव्हापासून येणारा-जाणारा पावाचा पहिला तुकडा त्या हिरव्या डोक्याला टाकायला लागला, आणि तोही आयतं खात, इतरांना चोचीने बाजूला सारत मिरवायला लागला. जावईबापू हे नाव मग का पडलं हे सांगायची गरजच नव्हती.

असं सगळं छान चाललेलं असताना बागेला नवे अधिकारी आले. माणूस वाईट नव्हता. नीटनेटका होता. त्याच्या टेबलावरच्या पेन्सिली लांबीप्रमाणे लावलेल्या असत. त्याने एका सकाळी तलावाला चक्कर मारली आणि मास्तरांना आणि बाईंना ऑफिसात बोलावलं.

"पाटीवर रानबदकं लिहिलंय," तो म्हणाला, "आणि पाण्यात बघतो तर खुराड्यातली फौज. हे शोभत नाही. मी ठरवलंय, तलाव शुद्ध करायचा. रानटी तेवढी ठेवायची. बाकीची न्यायला पुढच्या महिन्यात, पहिल्या सोमवारी गाडी येईल. गावाबाहेरचे कोंबडीवाले न्यायला तयार आहेत."

"ते काय करणार त्यांचं?" बाईंनी विचारलं.

"सांभाळतील," साहेब कागद चाळत म्हणाले.

वर न बघता बोललेल्या शब्दाचा अर्थ बाईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. साहेबांनी पुढे एक छापील फॉर्म सरकवला. रकाना एक, वन्य. रकाना दोन, पाळीव. रकाना तीन, संकरित. "तुम्ही भरून द्या. तुमची सही असली की कुणी बोट ठेवायला नको. दोन आणि तीन गाडीत."

पुढचे तीन रविवार बाईंनी बदकं मोजली. हात काम करत होता, जीव थाऱ्यावर नव्हता. बाटली, पाळीव. अंबाडा, पाळीव. मुकादम, संकरित. पहिल्या रकान्यात जावईबापू एकटेच. फॉर्म घरी टेबलावर पडून असायचा आणि बाई भाजी चिरता चिरता त्याच्याकडे बघायच्या.

"एक काम कर ना," एकदा शिंपी जेवताना म्हणाला. "तुझ्या त्या मुकादमाला टाक पहिल्या रकान्यात. कोण बघायला येतंय?"

"अहो, तो कुठल्या बाजूने रानटी दिसतो?"

"सही तुझी असल्यावर दिसेल की."

बाईंनी खरोखरच तसं करून बघितलं. वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं, 'मुकादम, वन्य.' अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं. त्याचीच त्यांना किळस आली. त्यांनी तो कागद फाडला, मग आणखी फाडला, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकून वरून भाजीची सालं टाकली. नवरा हे बघत होता. गुरुवारी दुकान बंद ठेवून तो म्हणाला, "चल, मीही येतो. तो मुकादम बघू तरी एकदा, जायच्या आधी."

गुरुवारी बागेत गर्दी नव्हती. मुकादम बुटावर येऊन बसला. शिंपी थर्मासमधला चहा पीत इकडेतिकडे बघत होता. तेवढ्यात जावईबापू पाण्यातून बाहेर आले आणि हिरवळीवर डुलत डुलत पावाची वाट बघत उभे राहिले.

"हा कोण लठ्ठ्या?" शिंप्याने विचारलं.

"लठ्ठ्या काय? तेच आपले जावईबापू. पाटीवरचे. रानबदक."

"हा रानात राहतो?" शिंप्याने एक डोळा बारीक केला. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की करायचा तसाच. "अगं, पोट बघ याचं, जमिनीला लागतंय. मागचा घेर बघ. हा उडणाऱ्याचा बांधा नाही, हा बसून खाणाऱ्याचा बांधा आहे. माझी निम्मी गिऱ्हाइकं अशीच आहेत. आणि छातीवर पांढरा फडका कसला? तुझ्या पुस्तकात आहे का तो?"

"तुम्ही डोकं बघा ना," बाई म्हणाल्या.

"डोकं कोण बघतंय? डोक्याला काय शिवायचंय?"

बाईंनी दुर्बीण उचलली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा जावईबापूंना गळ्याच्या खाली बघितलं. कड्यापासून खाली तळहाताएवढा पांढरा धब्बा होता, आणि तोही वाकडा, डावीकडे जास्त उतरलेला. पुस्तक उघडलं. रानबदकाची छाती सबंध तपकिरी असते, असं लिहिलं होतं. छातीवर पांढरा धब्बा, जड मागचा भाग, जमिनीलगत पोट ही पाळीव रक्ताची खूण, असंही त्याच पानावर लिहिलं होतं. बाईंनी ते पान शंभरदा वाचलं होतं, पण मुकादमासाठी आणि बाटलीसाठी. जावईबापूंचा फोटो तर जुळला होता!

तरी त्यांनी शेवटची आशा सोडली नाही. तेवढ्यात एक कुत्रा हिरवळीवरून भुंकत आला. खरं रानबदक अशा वेळी जागच्या जागी सरळ वर झेप घेतं. जावईबापूंनी जिवाच्या आकांताने पंख फडफडवले, वीतभर वर गेले आणि धप्पकन आपटले. मग चालतच पाण्यात गेले. मुकादमाने बुटावरून उठायचीही तसदी घेतली नाही, नुसता फुसफुसला आणि कुत्राच मागे फिरला.

"दोन वर्षं," बाई पुटपुटल्या. "दोन वर्षं चुकीची नोंद, आणि खाली माझी सही."

शिंप्याला आपण काय करून बसलो ते कळलं. "हे बघ," तो घाईघाईने म्हणाला, "कुणाच्या लक्षात आलेलं नाही. तू गप्प बस. एक तरी वाचेल. खरं सांगितलंस तर तुझं नाव जाईल आणि हाही जाईल गाडीत. दोन्हीकडून नुकसान."

त्याचं म्हणणं बरोबर होतं, म्हणूनच बाईंना ते सहन होईना. पुढचे दोन दिवस त्यांचं तोंड उतरलेलं होतं. एकतीस वर्षांची ती एकमेव मिरवण्यासारखी गोष्ट, ती स्वतःच्या हाताने पुसायची, आणि तीही एका खादाड बदकासाठी, जे त्यामुळे वाचणार नाही तर मरण्याचीच शक्यता जास्त. पण माहीत असून पुन्हा 'वन्य' लिहायचं आणि सही करायची, हे त्यांच्या हातून होणार नव्हतं, हेही त्यांना पक्कं माहीत होतं. एकच गोष्ट त्यांना धीर देत होती. कचेरीचं जग त्यांना ठाऊक होतं. भरलेल्या रकान्यांचं साहेब लोकांना काही वाटत नाही. शून्याने ते अस्वस्थ होतात. होतीलच असं मात्र नाही.

शनिवारी सकाळी बागेच्या ऑफिसात सगळे जमले. खोलीत ओल्या मातीचा आणि रंगाचा वास, कोपऱ्यात पाण्याच्या नळीची वेटोळी, टेबलाच्या काचेखाली बागेचा नकाशा. साहेब बसलेले, मास्तर शेजारी, मंडळाचे बाकीचे दहा जण भिंतीला टेकून. बाईंनी फॉर्म दिला नाही. आधी मंडळाची मोठी नोंदवही मागितली, दोन वर्षांपूर्वीचं पान काढलं, 'वन्य' या शब्दावर एक सरळ रेघ मारली, वर 'संकरित' लिहिलं आणि सही केली. तारीख घालताना आठाचा आकडा जरा वाकडा आला.

"हे काय, बाई?" मास्तरांनी विचारलं.

"दुरुस्ती. तो रानटी नाही. छातीवर पांढरं आहे, पोट जमिनीला लागतंय, उडता येत नाही. मी नुसतं डोकं बघून लिहिलं. माझी चूक झाली." एवढं बोलताना त्यांचे कान तापले होते. मग त्यांनी फॉर्म पुढे केला.

साहेबांनी तो उलटसुलट करून बघितला. "पाळीव सव्वीस. संकरित पंधरा. एकूण एक्केचाळीस. आणि पहिला रकाना रिकामाच ठेवलात?"

"रिकामा नाही. शून्य लिहिलंय."

"म्हणजे सोमवारी सगळीच न्यायची?"

"तुमच्या फॉर्मप्रमाणे, हो."

"मग तलावात राहील काय?"

"पाणी," बाई म्हणाल्या.

भिंतीकडून कुणीतरी खोकलं. साहेबांनी एक पेन्सिल उचलली, मोठीच्या जागी छोटी ठेवली आणि पुन्हा काढली. खिडकीतून तलाव दिसत होता. काठावर एक आजी नातवंडांना घेऊन आली होती, पावाची पिशवी उलटी केली होती, आणि सगळीच्या सगळी बदकं तिच्याभोवती गोंधळ घालत होती. तिथे सोमवारनंतर नुसतं पाणी, आणि लोकांच्या तक्रारी घ्यायला आपण, हे चित्र साहेबांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं असावं. त्यांनी फोन उचलला. "कोंबडीवाले ना? सोमवारची गाडी नको. नाही, नंतरही नको. कारण? कारण गणतीत अडचण आहे." फोन ठेवून ते म्हणाले, "पाटीचं बघतो काहीतरी. तुमचं नाव मात्र पुस्तिकेतून काढावं लागेल, बाई."

"काढा," बाई म्हणाल्या. सुटल्यासारखं वाटलं त्यांना, आणि त्या खुर्चीत बसल्या.

तेव्हा मास्तर घसा साफ करत म्हणाले, "बाई, एक सांगायचं होतं. ते पांढरं मला गेल्या वर्षीच दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणार कसं? तुमची नोंद. तुमचं कधी चुकत नाही. म्हटलं, माझ्या दुर्बिणीची काच खराब झाली असेल. नवी घेतली मी. त्यातूनही पांढरंच दिसलं. तरी म्हटलं, बाईंनी लिहिलंय."

"मला पोट बघून शंका आली होती," बँकेतली एक सदस्या भिंतीपासून म्हणाली. "पण तुमच्यापुढे काय बोलायचं?" आणखी दोघांनी माना डोलावल्या.

निरोपाच्या दिवशी टाळ्या पडल्या होत्या तेव्हा बाईंच्या मनात असलं काही आलं नव्हतं. आता त्यांना मनापासून लाज वाटली, आणि ती त्या एका चुकीची नव्हती. ही एवढी शहाणीसुरती माणसं, समोर दिसत असलेलं पांढरं खोटं मानून नवी दुर्बीण घेतात, आणि ते आपल्या सहीपायी!

"उद्या सकाळी सगळे या," त्या म्हणाल्या. "काठावरची बघायला. माझी वही मी देणार आहे तुमच्या हातात. तपासायची."

दुसऱ्या दिवशी बारा दुर्बिणी पहिल्यांदाच पायाशी वळल्या. शिंपीही आला होता, दुर्बीण नको म्हणत नुसत्या डोळ्यांनी मापं घेत होता. वही हातोहात फिरत होती. मग बँकेतली सदस्या बाईंजवळ आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाई, रागावणार नाही ना? तुम्ही तेरा नंबरला एक तपकिरी मादी लिहिली आहे, पंख सबंध तपकिरी. आणि सव्वीस नंबरला दुसरी तपकिरी मादी, पंख पांढरा. पण ती बघा ना. आत्ता वळली बघा."

बाईंनी बघितलं. बदक वळलं. डावा पंख तपकिरी, उजवा पांढरा. भेसळीच्या बदकांत असा एकाच अंगाला पांढरा रंग उतरतो, हे त्यांनीच मंडळाला शिकवलं होतं. तेरा नंबर त्यांनी बाकाच्या एका टोकाला बसून लिहिला होता आणि सव्वीस दुसऱ्या टोकाला. एकाच बदकाला त्यांनी दोन दाखले दिले होते, आणि कालच्या फॉर्मवर साहेबांच्या शिक्क्यासकट एक्केचाळीस गेले होते.

सगळे बाईंच्या तोंडाकडे बघायला लागले. बाईंना आधी धक्का बसला, मग हसू आलं, आणि ते आवरेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसल्या. नवऱ्यालाही कळेना की हिला झालं तरी काय.

"चाळीस," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "तुमचं बरोबर आहे. आणखी कुठे चुकलेय मी?"

आणि अकराच्या अकरा जण एकदम बोलायला लागले.